दहाच्या खांद्यावरचा सात

अंबरनाथ पूर्व
२१ मे २००६

यशोधरा, जय भीम.

हे पत्र फाडायचं असेल तर मधला आकडा तेवढा बघून घे, मग फाड.

फोन करून पाहिला. माझा आवाज ऐकलास की तू काही न बोलता ठेवून देतेस. म्हणून जनूमामाकडून तुझा नाशिकचा पत्ता घेतला. तो द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "दाजी, तिने मला शपथ घातलीय." मी म्हटलं, शपथ फोन नंबरची असेल, पत्त्याची नसेल. तो हसला आणि त्याने सिगारेटच्या पाकिटावर पत्ता लिहून दिला. त्याच्यावर रागावू नकोस. बदलापूरहून आमच्याकडे अजून येतो असा तो एकटाच आहे.

काम एवढंच आहे. कारखान्यात माझ्याबरोबर स्टोअरला एक जण आहे. त्याच्या घरातल्या कुणाचं तरी रक्त तपासलं. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या लॅबमधून रिपोर्ट आला, त्यावर असं आहे: 4.6 × 10⁷. म्हणजे दहा, आणि दहाच्या खांद्यावर बारीकसा सात. पुढे लिहिलंय, एका मिलिलिटरमध्ये.

मला आधी वाटलं, सात म्हणजे टीप. आपल्या वंदनेच्या पुस्तकात पाली शब्दाच्या खांद्यावर असा बारीक आकडा असतो आणि पानाच्या तळाशी त्याचा अर्थ दिलेला असतो. मी रिपोर्ट उलटापालटा करून सात नंबरची टीप शोधली. तळाशी लॅबचा फोन नंबर आणि 'रविवारी दुपारनंतर बंद' एवढंच होतं. मग वाटलं छपाईत काही राहिलं असेल. चार पूर्णांक सहा गुणिले दहा, म्हणजे शेहेचाळीस. शेहेचाळीस काही फार नाही. मी त्या घरच्यांना तसं सांगितलंही. त्यांना बरं वाटलं.

पण डॉक्टर म्हणाला, "काका, ज्यादा आहे, गोळी चालू करू." किती ज्यादा ते विचारता आलं नाही, मागे रांग होती. आणि शेहेचाळीसला कोणी ज्यादा म्हणेल असं मला वाटत नाही.

तू नववीला गणित शिकवतेस असं जनू म्हणाला. मुलं विचारतात तसं मी विचारतोय. त्या साताचा अर्थ काय, एवढंच कळव. आमची चौकशी नाही केलीस तरी चालेल.

पप्पा

१८ जून २००६

यशोधरा, जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. आकाश गेल्यापासून तीन वर्षांत तुझं अक्षर या घरात पहिल्यांदा आलं. 'दहाचा सातवा घात. एकावर सात शून्यं. हे कुणाचं आहे?' ना वर काही, ना खाली सही. तरी मी ते कपाटाच्या काचेत लावलंय, तिथे तुझा बीएडचा फोटो आहे.

आधी हिशेबाचं लिहितो, म्हणजे बाकीचं लिहायला हात चालेल.

गावच्या शाळेत भगवंत गुरुजी आम्हाला अंगणात उभं करून म्हणायला लावायचे: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, आणि तसंच चढत चढत पार परार्धापर्यंत. अजून न अडखळता म्हणतो. आयुष्यात उपयोग सहस्राच्या पुढे कधी झाला नाही. तर तुझं कार्ड वाचून मी बोटांवर मोजायला बसलो. पहिलं बोट एकं, दुसरं दहं, असं करत सातवं बोट दशलक्षावर आलं. म्हणजे शेहेचाळीस लाख. मग तू म्हटलंस तशी शून्यं लिहून पाहिली, तर चार कोटी साठ लाख निघाले. बोटं एक सांगतात, शून्यं दुसरं. दहापटीचा फरक आहे. कुठलं खरं?

कुणाचं आहे विचारलंस. तुझ्या आईचं आहे.

कारखान्यातला माणूस वगैरे काही नाही. चौदा एप्रिलला विहारात रक्तदान होतं. ती म्हणाली, दरवर्षी बाया नुसत्या खीर वाटतात, यंदा मी देणार. दिलं, बिस्किटं खाल्ली, जेवणाच्या पंगतीत वाढायलाही उभी राहिली. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. कावीळ बी. अंगावर काही दिसत नाही, डोळे पांढरे, भूक बरी. नुसती थकते. जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणते, पूर्वी गठ्ठा दुपारपर्यंत संपायचा, आता संध्याकाळ होते. मी समजत होतो वय झालं. त्रेचाळीस हे काही वय नाही हे मला कळायला हवं होतं. शेहेचाळीस आकडा सांगितला तेव्हा म्हणाली, "माझ्या वयाहून तीनच जास्त की." तो खरा आकडा अजून तिला सांगायचा आहे.

आता जे लिहितो ते नीट वाच. डॉक्टरने मला एकट्याला आत थांबवलं. म्हणाला, हे आईकडून पोराला जातं, जन्मताना. पोरांची तपासणी करून घ्या. मी म्हटलं, एक मुलगी आहे. किती होती हे त्याने विचारलं नाही.

तू तपासून घे. तुला चौथा महिना आहे हे जनूच्या तोंडून निघून गेलं, तो मुद्दाम बोलला नाही. तुझ्यात असेल तर बाळाला बाहेर आल्याबरोबर इंजेक्शनं द्यावी लागतात, दोन, बारा तासांच्या आत. दिली तर बाळ वाचतं त्यातून. डॉक्टरने हे दोनदा सांगितलं. तिथल्या दवाखान्यात ती असतात का, आधीच विचारून ठेव. ऐन वेळी अनीशरावांना धावत जावं लागू नये.

आकाश ज्या काविळीने गेला ती त्याला कुठून आली असेल, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आईला मी ते सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ.

पप्पा

१३ ऑगस्ट २००६

यशोधरा, जय भीम.

एकं शून्यावर असतं, हे तुझं म्हणणं मी आठवडाभर घोळवतोय. 'पप्पा, तुम्ही एकंला पहिलं बोट दिलंत, तिथेच चुकलात. एकंला बोट नाही. मूठ बंद म्हणजे एकं. पहिलं बोट उघडलं की दहं.' बरोबर आहे. तसं मोजलं की सातवं बोट कोटीवर येतं. चार कोटी साठ लाख. एका मिलिलिटरमध्ये म्हणजे जेमतेम वीस थेंबांत.

पण माझं मन एका ठिकाणी अडतं. दहाच्या खांद्यावर शून्य असेल तर एक कसा? शून्य वेळा दहा म्हणजे काहीच नको का? भगवंत गुरुजींना कुणी हे विचारलं असतं तर त्यांनी छडी काढली असती. तू नाशिकच्या मुलांना कसं पटवतेस कोण जाणे. मी तुझ्यावर विश्वास ठेवून पुढे गेलो, पटलेलं नाही.

कार्डावर तपासणीबद्दल काही नव्हतं. मी परत विचारत नाही, फक्त नव्हतं एवढं सांगतो.

मागच्या पत्रात आईपासून लपवायला सांगितलं होतं. त्याची गरज राहिली नाही.

परवा ती धागे कापत बसली होती, मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करता म्हणाली, "अहो, डॉक्टरने तुम्हाला आत कशाला थांबवलं होतं?" मी म्हटलं, गोळीचं सांगायला. म्हणाली, "गोळीचं मला सांगितलं असतं. गोळी मी खाणारे." तिने एक पँट संपवली, दुसरी मांडीवर घेतली. "रांगेत कॅम्प चारची एक बाई होती. तिच्या कडेवर पोर होतं, त्याचंही रक्त काढायचं होतं. मी विचारलं तिला, याचं कशाला? ती सिंधीत काय काय बोलली, मग हिंदीत म्हणाली, माँ से आता है, दीदी." मग कात्री खाली ठेवली. "म्हणजे आकाशला माझ्याकडनंच गेलं. माळ पण मीच घातली आणि कावीळ पण मीच दिली."

यशू, एवढी वर्षं विहारात बसतो, दुःख आहे, दुःखाचं कारण आहे, हे म्हणताना आवाज अडत नाही. घरात माझ्यासमोर कारण स्वतःचं नाव घेऊन बसलं होतं. मी तिला चहा करून दिला. साखर टाकायला विसरलो, ती तसाच प्यायली.

माळेचं तुला काय सांगायचं. बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरून आणली तेव्हा तू दारात उभी होतीस. काड्यांची इवलीशी माळ, आकाशच्या डोक्यावर टोपीसारखी बसली होती. कावीळ उतरेल तशी माळ मोठी होत खाली येणार, असं माळ देणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. तू ओरडलीस, "काड्या सुकतात म्हणून दोरा सैल होतो! भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावता आणि पोराला माळ घालता?" चौथ्या दिवशी माळ गळ्यात आली. सहाव्या दिवशी छातीवर. आईने शेजारपाजारी दाखवली. दवाखान्यात नेलं तेव्हा ती बेंबीपर्यंत आली होती, आणि नर्सने ती कापून काढली.

यात तुला माहीत नाही असं काही नाही. पण आता तिच्यावर दोन ओझी झालीत, माळेचं आणि काविळीचं, आणि दोन्ही मिळून तिला उचलता येणारी नाहीत, म्हणून लिहिलं. ती आता जेवताना वेगळी बसते. डॉक्टरने सांगितलं जेवणातून काही होत नाही, तरी.

पप्पा

२९ ऑक्टोबर २००६

यशोधरा, जय भीम.

या वेळी तू पाकीट पाठवलंस. पान वहीचं होतं, लाल समासाचं. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तू 'आईला वाचून दाखवा' असं लिहिलं होतंस म्हणून, नाहीतर दाखवलं नसतं.

तू लिहिलंस की या विषाणूची लांबी मीटरमध्ये लिहायची तर 4.2 × 10⁻⁸ अशी लिहितात, आणि खांद्यावर उणे असलं की जिना खाली उतरायचा. मी तुझ्या जुन्या कंपासमधली पट्टी आणि आईची शिलाईची टेप घेऊन बसलो. मीटरचे दहा भाग, ही पहिली पायरी, वीतभरही नाही. त्यातल्या एकाचे दहा, सेंटीमीटर. त्यातल्या एकाचे दहा, मिलिमीटर. तिसऱ्या पायरीला पट्टीवरच्या रेघा संपल्या. आई म्हणाली, "आता?" मी म्हटलं, अजून पाच पायऱ्या खाली. ती टेपच्या टोकाकडे बघत राहिली. भगवंत गुरुजींनी आम्हाला परार्धापर्यंत चढवलं, एकंच्या खाली जिना आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

मग तुझी ती ओळ वाचली. 'एवढी बारीक गोष्ट आपल्या अंगात आहे हे आईला कसं कळणार होतं. ते तिने दिलं नाही, तिच्यातून गेलं. माळेबद्दल मी काही लिहीत नाहीये.'

आईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "माळेबद्दल नको लिहू दे. ते बरोबर आहे तिचं." त्या दिवसापासून ती परत आमच्यात बसून जेवते. आमच्यात म्हणजे मी एकटाच, आणि कधी जनू.

आता रिपोर्टचं. चार महिने गोळी झाली, परत रक्त दिलं. 3.1 × 10⁴ आलं. मी कारखान्यातून आलो तर गोळ्यांचं पाकीट खिडकीत पडलेलं, आणि आई म्हणते, "बंद केली."

"का गं?"

"चार महिने खाऊन साताचे चार झाले. तीन उतरले. एवढ्यासाठी रोज रोज कोण खाणार? मळमळतं मला."

जनू आला होता, तो म्हणाला, "ताई, बरोबर आहे तुझं. तीनने काय होतं? पास व्हायला पण पस्तीस लागतात."

मी म्हटलं, "जनू, तू चहा पी."

तिच्या पुढ्यात कापलेल्या धाग्यांचा ढीग होता. त्यातून मी दहा धागे काढून ओळीने ठेवले. "एक पायरी उतरली की यातले नऊ गेले." नऊ उचलले. "हा एक उरला. आता समज हा एक म्हणजेच परत दहा आहेत. दुसरी पायरी, परत नऊ गेले." ती हुशार आहे, तुला माहीत आहे, सातवीतून काढली म्हणून राहिली. म्हणाली, "म्हणजे शंभरातला एक उरला." "हो. आणि तिसरी?" "हजारातला एक." मग स्वतःच बोटं उघडून वरून खाली आली, मूठ बंद धरून, तू सांगितलंस तसं: कोटी, दशलक्ष, लक्ष, दशसहस्र. "चार कोटी साठ लाखांचे एकतीस हजार राहिले?"

"हो."

जनू म्हणाला, "आयला."

मला वाटलं झालं. पण तिने गोळी घेतली नाही. तो एक धागा उचलून म्हणाली, "हा आकडा पण माळेसारखाच निघाला तर? ती पण उतरतच होती."

यशू, मला या वयात कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. उतरणारी गोष्ट बघून एकदा फसलेली बाई परत कशावर विश्वास ठेवणार? मी विचार करून म्हटलं, "माळ आकाशला घातली काय, या खुंटीला टांगली काय, ती लांब झालीच असती. यशोधरा तेच सांगत होती. आकड्याचं तसं नाही. तू गोळी सोड, आकडा परत चढेल. डॉक्टर म्हणतो तसं." ती म्हणाली, "म्हणजे सोडून बघायचं?" मी म्हटलं, "नको." मग ती हसली, किती दिवसांनी, आणि खिडकीतलं पाकीट आणायला तिने जनूला उठवलं.

आता शेवटचं. तुझ्या पानाच्या कोपऱ्यात, समासाच्या बाहेर, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'माझी तपासणी झाली. आहे.'

हे मी आईला वाचून दाखवलं नाही. तिने पान हातात घेतलं आणि स्वतः वाचलं. आकडा तू लिहिला नाहीस. तिने विचारलं, "खांद्यावर किती असेल?" मी म्हटलं, माहीत नाही. ती दुसऱ्या दिवशी विहारात गेली, पौर्णिमा नव्हती काही नव्हतं, आणि मेणबत्ती संपेपर्यंत बसून राहिली. काय मागितलं असेल ते मी विचारलं नाही. आपल्यात मागत नाहीत. पण बसली होती.

दवाखान्यात इंजेक्शनं आहेत ना, एवढं कळव. इथे कॅम्प तीनला मिळतात, बर्फात घालून न्यावी लागतात. तू हो म्हटलंस तर मी घेऊन येतो, दारातूनच देऊन परत फिरेन.

पप्पा

१७ डिसेंबर २००६

यशोधरा, जय भीम.

तुझं कार्ड काल दुपारी आलं. ते कसं आलं ते तुला सांगितलं पाहिजे.

नोव्हेंबरभर तुझं काही आलं नाही. जनू नाशिकला जाऊन आला, पण तू त्याला पायरीवरूनच चहा देऊन पाठवलंस. तो एवढंच म्हणाला, पोट खाली आलंय. मी इंजेक्शनांची चौकशी करून ठेवली होती, थर्मासही धुऊन ठेवला होता. तू बोलावलं नाहीस. मी स्वतःहून निघालो नाही. निघायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि आता ठरवून उपयोग नाही.

काल शनिवार, मला सुट्टी होती. पोस्टमन अनंता खालूनच ओरडला, "माया जाधव कोण हो? नवीन राहायला आल्या का?" वीस वर्षं तो या चाळीत पत्रं टाकतोय. आईच्या नावाने या घरात कधी पत्रच आलं नव्हतं, त्याची काय चूक. आई वरून म्हणाली, "अरे, तुला जयंतीला खीर कोण देतं?" कार्ड मीच आणलं, आणि जिन्यातच वाचलं, तिचं नाव असताना. ते बरोबर केलं नाही.

वर लिहिलं होतं 'आई'. नंतर एकच ओळ: '१० डिसेंबर, सकाळी. 1 × 10⁰.' बाकी कार्ड कोरं वाटलं.

मी ते शून्य पाहिलं आणि जिन्यातच बसलो. तुला सांगतो, मी सगळं विसरलो. मूठ, बोट, सगळं. मला एवढंच दिसलं की पोरीने शून्य लिहून पाठवलंय. आठवडा उलटला, आणि तिला शब्दांत लिहवत नाही म्हणून तिने आकड्यात लिहिलं. इंजेक्शनं नसतील मिळाली. की त्याच्या आधीच काही. चाळीतली पोरं माझ्या बाजूने वरखाली करत होती, मी भिंतीला सरकून त्यांना वाट देत होतो.

आई वरून खाली आली. "काय झालं? द्या इकडे." मी देईना. तिने काढून घेतलं. तिने वाचलं, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मग ती म्हणाली, "मूठ कशी धरायची हो?"

मी म्हटलं, "काय?"

तिने हात पुढे केला. मूठ बंद. "शून्य म्हणजे बोट उघडायचं नाही. बंद मुठीत कोण असतं? एकं." आणि मग एकदम मोठ्याने, जिन्यात, "अहो, एकं! एक आहे! एक आलंय!"

मी तिच्या हातातलं कार्ड उलटं केलं. मागे पत्त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात, तू लिहिलं होतंस: 'मुलगी. दोन्ही इंजेक्शनं दोन तासांत दिली.'

यशू, मी म्हटलं होतं की दहाच्या खांद्यावर शून्य असेल तर काहीच नको का. ते मला अजून गणिताने पटलेलं नाही. पण आता मी वाद घालत नाही.

आई आत जाऊन आकाशच्या फोटोजवळ उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मग येऊन तिची गोळी घेतली, वेळ झाली नव्हती तरी, आणि धाग्यांचा गठ्ठा ओढून बसली. काम होईना. मग मला म्हणाली, तिला लिहा. मी विचारलं, काय लिहू?

"लिहा, मी माळेबद्दल काही म्हणत नाहीये. ती बोलेल तेव्हा ऐकीन. आणि लिहा, डोक्यावर टोपडं असू दे, नाशिकला थंडी फार."

तेवढंच लिहितोय. टोपडं ती स्वतः शिवतेय, पण जीन्सच्या कापडाचं नको असं मी सांगितलंय.

पप्पा